बावीस इंच

मार्लिस टॉलेफसनला लिहायचं खूळ आर्डिसने लावून दिलं. शेजारीण म्हणून आर्डिसने तिला आजवर पुष्कळ गोष्टी करायला सांगितल्या होत्या: केस कापून घे, गुडघ्याचं ऑपरेशन करून घे, चर्चच्या स्वयंपाकघराची किल्ली स्वतःकडे मागून घे. त्यातली एकही मार्लिसने ऐकली नव्हती. ही मात्र ऐकली, आणि आता पस्तावत होती.

"अगं, लायब्ररीत दर बुधवारी दोन वाजता आठवणी लिहायचा वर्ग असतो," आर्डिस म्हणाली होती. "फुकट आहे. वर कॉफी देतात. तू नेल्सबद्दल लिही. मन हलकं होतं म्हणे."

"कोण म्हणतं?"

"ज्यांचं कुणी गेलेलं नसतं ते सगळे," आर्डिस म्हणाली. "पण कॉफी बरी असते."

नेल्सला जाऊन या मार्चात चार वर्षं होत होती. सत्तावीस वर्षांचा होता. मार्लिस आणि ओरिनचं एकुलतं एक पोर. गावाने तेव्हा जे करायचं ते केलं, म्हणजे जेवण पाठवलं. खिमा, नूडल्स, वर बटाट्याचा थर, असे हॉटडिश इतके आले की फ्रीज भरला आणि बाकीचे मागच्या पायरीवर बर्फात ठेवावे लागले. प्रत्येक भांड्याच्या तळाला चिकटपट्टी आणि तिच्यावर मालकिणीचं नाव. भांडं रिकामं करायचं, घासायचं, नेऊन द्यायचं, दारात उभं राहून हवेबद्दल दोन वाक्यं बोलायची. शेवटचं भांडं परत गेलं की दुखवटा संपला, असं कुठे लिहिलेलं नाही, पण इथे तसंच चालतं. मार्लिसचं शेवटचं भांडं मेमध्ये परत गेलं. त्यानंतर गावात कुणी तिच्यासमोर नेल्सचं नाव काढलं नाही.

घरात तर नाहीच नाही. पुरून आल्यावर ओरिनने बूट काढता काढता एकदाच तोंड उघडलं होतं. "पट्टा लावून, काचा चढवून बर्फावर गाडी घालतो. गाढव कुठला." एवढं बोलला आणि जो गप्प झाला तो झालाच. चार वर्षांत तो एकदाही दफनभूमीकडे फिरकला नव्हता. रविवारी चर्च सुटलं की मार्लिस मागच्या फाटकातून नेल्सकडे जायची आणि ओरिन पिकअपमध्ये इंजिन चालू ठेवून बसायचा.

आणि त्याचं चुकत होतं असं गावात कुणीच म्हणत नव्हतं. तळ्याच्या बर्फावरून गाडी न्यायची तर सीटचा पट्टा सोडलेला हवा आणि काचा उतरवलेल्या, हे इथे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. बर्फाने दगा दिलाच तर बाहेर पडायला जेमतेम अर्धं मिनिट मिळतं. बर्फाची खात्री नसली की जाणते लोक डाव्या हाताने दार किलकिलं धरून गाडी हाकतात. नेल्सला पाणबुड्यांनी बाहेर काढलं तेव्हा पट्टा लावलेला होता, चारही काचा बंद होत्या आणि हीटर शेवटच्या टोकावर होता. टॉलेफसनांचं पोर, पाळण्यापासून तळ्यावर वाढलेलं, आणि असं गेलं. लोक हळहळले, पण मनातून त्यांनी निकाल देऊन टाकला होता: हलगर्जी.

पुस्तक लिहायला बसली तेव्हा मार्लिसला वाटलं होतं, निदान कागदावर तरी पोरगा परत येईल. पहिले दोन महिने हात थांबत नव्हता. नेल्सने खिशात जिवंत मासोळ्या भरून रविवारच्या शाळेत नेल्या ते लिहिलं. पहिलीत त्याचा पुढचा दात पडला तो त्याने ओरिनच्या कॉफीत टाकला ते लिहिलं. तो बेसूर गायचा आणि आपण बेसूर गातो हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही, तेही लिहिलं. वर्गातल्या बायका हसल्या, एकीने डोळे पुसले. पण एकेक गोष्ट लिहून झाली की ती मार्लिसच्या डोक्यातून विझायची. पूर्वी दात आठवला की कपात वाजलेला टक् आवाज ऐकू यायचा. आता फक्त तिने लिहिलेलं वाक्य आठवायचं. आपण पोराला थोडं थोडं करून दुसऱ्यांदा पुरतोय असं तिला वाटू लागलं, आणि हे वर्गात सांगण्याची सोय नव्हती, कारण तिथे सगळ्यांना बरं वाटत होतं.

सातव्या प्रकरणात तो दिवस होता. ते ती सायरनपासून सुरू करायची.

"मार्लिस, रागावणार नसाल तर एक विचारू?" वर्ग संपल्यावर कोलीनने तिला थांबवलं. कोलीन लायब्ररीत कामाला असलेली मुलगी, तिशीची, वर्ग तीच घ्यायची आणि उरलेले केक घरी नेऊ द्यायची. "सातवं प्रकरण मी तीनदा वाचलं. ओरिन कुठे होते ते आहे. आर्डिसबाई कुठे होत्या ते आहे. शेरीफच्या माणसाचा कुत्रासुद्धा आहे. तुम्ही कुठे होतात?"

"घरी."

"घरी काय करत होतात?"

"अगं, काय करणार? सकाळ होती. कामं होती."

"बाकी सगळ्या पुस्तकात तुम्ही कपातल्या दाताचा आवाज ऐकवता," कोलीन म्हणाली, "आणि इथे नुसतं कामं होती? शनिवारच्या जाहीर वाचनाला तुम्ही हेच प्रकरण वाचणार म्हणून सांगितलंय ना? अर्धं गाव येणार आहे. वाटलं तर बघा. नाही वाटलं तर असू दे."

मार्लिस पिकअपमध्ये येऊन बसली आणि बराच वेळ किल्ली फिरवलीच नाही. त्या पोरीला तीन वाचनांत जे दिसलं ते चार वर्षांत कुणाला दिसलं नव्हतं, असं तिला वाटत होतं.

टॉलेफसनांचा धंदा तळ्याचा. हिवाळ्यात बर्फावर ठेवायच्या, आत बसून गळ टाकायच्या लाकडी खोपट्या ते भाड्याने द्यायचे, त्यांच्यापर्यंत बर्फावरून रस्ता काढायचे, आणि काठावरच्या दुकानात आमिष आणि कॉफी विकायचे. दुकानाच्या दाराशी एक फळा होता. त्यावर रोज सकाळी खडूने दोन गोष्टी लिहिलेल्या असायच्या: तारीख, आणि बर्फ किती इंच. ते काम मार्लिसचं. साडेसहाला ती बर्फाचं गिरमिट घेऊन निघायची, ठरलेल्या तीन ठिकाणी भोकं पाडायची, आकड्याची पट्टी आत सोडायची. तिसरं ठिकाण ओढ्याच्या तोंडाशी, सगळ्यात लबाड. आणि नुसते इंच मोजून भागत नाही. मार्चात बर्फ जाडीला तेवढाच दिसतो आणि आतून कुजतो, उभा चिरत जातो. ते गिरमिट फिरवताना हाताला कळतं, फळ्यावर कळत नाही. एकतीस हिवाळे तिने हे केलं. लोक रेडिओवर विसंबत नसत इतके त्या फळ्यावर विसंबत.

त्या वर्षी, नेल्स गेला त्याच्या आधीच्या शुक्रवारी, बावीस इंच भरले होते. शनिवारी तिचा गुडघा इतका ठणकत होता की पायरी उतरवेना. तिने फळ्यावरची तारीख पुसली, नवी घातली, आकडा तसाच ठेवला. बावीस इंच काय एका रात्रीत वितळणार होते? रविवारीही तेच केलं. रविवारी दुपारी दक्षिणेचा वारा सुटला आणि रात्रभर छपरावरून पाणी ठिबकत होतं. अंथरुणात पडून तिने ते ऐकलं. सकाळी गेलंच पाहिजे, असं स्वतःला बजावलं.

सोमवारी सकाळी सहा चाळीसला आर्डिसचा फोन आला. चर्चमध्ये ईस्टरआधीच्या उपासाच्या बुधवारांना सूप असतं, ते या खेपेला कुणी करायचं यावरून वाद होता. मटारचं की बटाट्याचं, यावर दोघी पाऊण तास बोलल्या. फोन ठेवून मार्लिस दुकानात गेली, तारीख पुसली आणि सोमवारची तारीख लिहिली.

सरकारी मुदतीचा तो शेवटचा दिवस, बर्फावरच्या खोपट्या काढून घ्यायचा. शेवटची खोपटी ओढ्याच्या तोंडापलीकडे होती. नेल्सने ती रविवारीच आणायची, असं ओरिनने त्याला दोनदा बजावलं होतं आणि त्याने दोनदा मान डोलावली होती. सोमवारी तो दुकानात आला, कॉफी ओतून घेतली, फळ्याकडे पाहिलं.

"बावीस," तो म्हणाला. "आई, अजून महिनाभर टिकेल की हा."

"आधी कॉफीचं झाकण नीट लाव," ती म्हणाली.

पहाटे वारा फिरला होता आणि बाहेर पुन्हा गारठा होता. बावीस इंचांवरून मालमोटारसुद्धा जाते. त्याने पट्टा लावला, काचा चढवल्या, हीटर सोडला. आईने लिहिलेल्या आकड्यावर तो डांबरी रस्त्यावरून जावा तसा निघून गेला. तो हलगर्जी नव्हता. त्याचा तिच्यावर भरवसा होता, एवढाच त्याचा गुन्हा. हे जगात फक्त मार्लिसला माहीत होतं. शेरीफच्या माणसाने विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "साडेसहाला मोजला," आणि त्याने ते लिहून घेतलं होतं.

त्या दिवसानंतर तिने गिरमिटाला हात लावला नाही. ओरिन काही न विचारता स्वतः जाऊ लागला. हिवाळाभर रोज सकाळी तो परत आला की ती विचारायची, "कसा आहे?" तो आकडा सांगायचा. चार वर्षं त्यांच्यात एवढं एक बोलणं न चुकता होत आलं होतं, आणि मार्लिस त्या आकड्याला धरून दिवस काढायची.

गुरुवारी सकाळी ओरिन तळ्यावर गेला तशी ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. दोन वाटा होत्या आणि दोन्ही तिला दिसत होत्या. न लिहावं तर नेल्स कायमचा गाढव राहणार, गावासाठी आणि बापासाठीही. लिहावं तर पोराला बाप परत मिळेल आणि तिचा नवरा जाईल. अडतीस वर्षांचा संसार होता. ओरिन काही बोलका नव्हता, पण हिवाळ्यात तिच्या आधी उठून तिचे बूट शेगडीजवळ ठेवायचा. नेल्स गेल्यावरही ते बूट एक दिवस चुकले नव्हते. तिला त्याच्याशिवाय जगायची भीती वाटत होती. ती रडली. मग आता रडून कुणाला काय मिळणार असं वाटून तिने नाक पुसलं आणि लिहायला घेतलं.

वीस मिनिटांत झालं. चार वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं ते दीड पानात मावलं.

"शनिवारी मी मोजला नाही. रविवारी मोजला नाही. सोमवारी मी फोनवर सुपाबद्दल बोलत होते. मी फक्त तारीख बदलली. माझ्या मुलाने माझा आकडा वाचला आणि काचा चढवल्या. त्याने पट्टा लावला, कारण मी त्याला लहानपणापासून पट्टा लावायला शिकवलं होतं आणि रस्ता पक्का आहे असं मी लिहून दिलं होतं. तो निष्काळजी नव्हता. निष्काळजी मी होते."

दुपारी जेवण झाल्यावर तिने पानं ओरिनपुढे ठेवली.

"हे काय?"

"शनिवारी वाचणार आहे ते. आधी तू वाच."

"मला काय कळतंय त्यातलं."

"वाच, ओरिन."

त्याने चष्मा शोधला, तो कपाळावरच होता. ओरिनला वाचायला वेळ लागे, ओळीखाली बोट धरून वाचायची त्याला सवय होती. मार्लिस समोर बसून ते बोट बघत राहिली. पहिलं पान संपलं. बोट दुसऱ्या पानावर आलं, सुपापाशी जरा थांबलं, पुढे सरकलं. बोट तळाशी पोचलं. त्याने पानं जुळवली, कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या आणि चष्मा काढला.

"हे मला ठाऊक होतं," तो म्हणाला.

तिला नीट समजलं नाही. "काय ठाऊक होतं?"

"तू मोजला नव्हतास ते."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून." तो खिडकीकडे बघत बोलत होता. "शुक्रवारी संध्याकाळी मी गिरमिटाच्या पात्याला धार लावली होती. पात्यावर माझा जुना लोकरी मोजा चढवला आणि वरून दोरी बांधली. सोमवारी ओरडा झाला तसा, बर्फ फोडता येईल म्हणून, मी ते आणायला शेडमध्ये धावलो. मोजा तसाच होता. दोरीही तशीच. माझीच गाठ होती ती, मला माझी गाठ ओळखू येते. थंडीने ती घट्ट बसली होती. मी ती दातांनी सोडवत होतो आणि पोरगा खाली होता."

मार्लिस म्हणाली, "मग त्याला गाढव का म्हणालास? चार वर्षं त्याच्या थडग्यावर पाय ठेवला नाहीस. तुला ठाऊक होतं आणि तरी?"

"कुणावर तरी रागवायलाच हवं होतं, मार्लिस. नाहीतर मी फुटलो असतो." त्याचा आवाज चढला नाही, कधीच चढत नसे. "तो मेला होता. त्याला काय फरक पडणार होता? तू जिवंत होतीस. तुझ्यासमोर बसून मला तीन वेळा जेवायचं होतं, रोज. मी सगळं त्याच्या डोक्यावर ठेवलं. रोज सकाळी नव्याने ठेवायचो. मोजा तसाच नव्हता, मला तसं दिसलं, घाईत होतो, असं स्वतःला सांगायचो. कधी कधी पटायचंही. तुझे बूट शेगडीपाशी ठेवताना पटायचं."

"ओरिन..."

"त्याच्याकडे जायला मला तोंड नव्हतं. जाऊन काय सांगणार होतो? तुझी आई मला लागते म्हणून तुला गाढव ठरवलंय, असं?"

तिने टेबलावरून हात पुढे केला. त्याने तो झटकला नाही आणि धरलाही नाही. हात मिठाच्या बाटलीशेजारी तसाच पडून राहिला.

"मग आता तरी..." ती म्हणाली. "दोघांनाही ठाऊक होतं तर आता काय बदललं?"

"आता तू लिहून दिलंस," ओरिन म्हणाला. "आता मला चुकीचं दिसलं असेल, असं म्हणायची सोय राहिली नाही."

"फाडून टाकते मी. आत्ता फाडते."

"मी वाचलंय ते." त्याने पानं हळूच तिच्याकडे सरकवली. "फाडू नकोस. शनिवारी वाच. पोराचं नाव साफ व्हायला पाहिजे, ते आपण दोघांनी मिळून खराब केलंय. मोठ्याने वाच, मागच्या लोकांना ऐकू जाईल असं."

"तू येशील?"

तो उठला. टोपी घेतली, दाराशी वाकून बूट चढवायला बराच वेळ घेतला. तिला वाटलं, आता काहीतरी बोलेल. शिव्या दिल्या असत्या तरी तिला चाललं असतं, निदान त्या तिच्या वाटणीच्या असत्या. पण दार त्याने नेहमीसारखं, आवाज न करता ओढून घेतलं.

मार्लिस खिडकीशी गेली. ओरिन पिकअपमध्ये चढून बसला होता आणि बसूनच राहिला होता. मग तिने पाहिलं, त्याने स्वतःच्या बाजूची काच पूर्ण उतरवली. पलीकडे वाकून दुसरीही उतरवली. पट्टा त्याने ओढला नाही. गाडी अंगणातून निघाली आणि तळ्याकडे न वळता उजवीकडे वळली, चर्चच्या चढाला लागली. तिकडे चर्च आणि दफनभूमीशिवाय काही नव्हतं, आणि आज गुरुवार होता.

बाहेर शून्याखाली पाच होतं. रस्ता डांबरी, दोन आठवड्यांपूर्वीच कोरडा झालेला. त्या रस्त्यावरून ओरिन पायी चालावं इतक्या हळू चालला होता, आणि त्याच्या डाव्या हाताने दार किलकिलं धरलेलं होतं.